काळी गाडी, बोअरचं पाणी आणि बाबांचा बनियन: नवीन गाडी धुवायची तरी कशी?

पहिलटकर

नमस्कार मंडळी, अक्षय्य तृतीयेला घरात पहिली चारचाकी आली. पहिली म्हणजे खरंच पहिली, याआधी बाबांची स्प्लेंडर आणि माझी ॲक्टिव्हा एवढाच आमचा ताफा. रंग काळा घेतला. बायको पांढरा घे म्हणत होती, शोरूमचा पोरगा पण म्हणाला साहेब काळा मेंटेन करायला त्रास होतो, पण त्या लाइटखाली अशी काही चमकत होती ना की मी कुणाचं ऐकलंच नाही. आता तीन आठवडे झालेत आणि अक्कल येतेय.

राहतो पिंपळे सौदागरला. पार्किंग उघड्यावर, समोरच्या प्लॉटवर टॉवर उठतोय त्यामुळे सकाळी गाडीवर सिमेंटची पावडर, वरून कबुतरं. सोसायटीला बोअर आणि टँकरचं पाणी, पाईप लावून गाडी धुतली तर ५०० रुपये दंड अशी नोटीस लिफ्टमध्ये लावलीये. म्हणजे जे काही करायचं ते बादलीवर.

आणि खरा प्रॉब्लेम म्हणजे बाबा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. रोज पहाटे उठून गाडी पुसतात, आधी कोरडं फडकं झटकून मग एक बादली पाणी आणि त्यात जुना बनियन. इतकं मनापासून करतात की मला बघवतही नाही आणि बोलवतही नाही. परवा मित्राकडे बेसमेंटला गाडी लावली तर त्याने मोबाईलचा टॉर्च मारून दाखवलं, अख्ख्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल ओरखडे. तीन आठवड्यांत! रात्री झोप नाही लागली राव.

दुसरं, पूजेच्या वेळी आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते आम्ही दोन दिवस पुसलं नाही. आता पुसलं तरी उन्हात तिरकं बघितलं की स्वस्तिकाचा आकार दिसतोच.

तिसरं, डीलरकडून रोज फोन चालू आहेत. सिरॅमिक कोटिंग १८ हजार, अंडरबॉडी म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूचं कोटिंग ६ हजार, आतलं कसलं तरी सॅनिटायझेशन साडेतीन हजार. म्हणे पावसाळ्याआधी करा नाहीतर रंग जाईल. खरंच करायचं का? आणि आतल्या सीटवरची प्लॅस्टिकं अजून तशीच आहेत, बायको म्हणते काढ, आई म्हणते राहू दे वर्षभर. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनी खोड

अभिनंदन. गाडी चालवायला घेतली की पूजेला? माझी गाडी ११ वर्षांची आहे, महिन्यातून एकदा धुतो, दोन्ही बंपरला पोचे आहेत, इंजिन लोण्यासारखं चालतंय. विकताना घेणारा सर्व्हिस रेकॉर्ड बघतो, टॉर्च मारून जाळी कोण मोजत बसतो. (हलके घ्या.)

मायक्रॉन

जुनी खोड, तुमची गाडी सिल्व्हर असणार. सिल्व्हरवर सगळं खपतं, काळ्यावर काहीच लपत नाही, म्हणून तुम्हाला झोप लागते आणि त्याला लागत नाही :)

पहिलटकर, अभिनंदन. कोरडी धूळ नुसती बसून राहिली तर रंगाला फार काही करत नाही. तिच्यावरून कोरडं फडकं फिरलं की ती काचपेपर होते. तुमच्या इथे तर बांधकामाची धूळ, म्हणजे त्यात बारीक वाळूचे कण. आणि एकाच बादलीत बनियन बुडवला की वाळू बादलीत, बादलीतून परत बनियनमध्ये, बनियनमधून परत बॉनेटवर. रोज. तीन आठवड्यांत जाळी येणारच.

थोडं रंगाबद्दल सांगतो म्हणजे पुढचं पटेल. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा कोट आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट ४०-५०. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरा, म्हणजे तुमची चमक केसाहून पातळ थरात आहे. ओरखडे आहेत ते याच थरात. ते घालवायला मशीनने पॉलिश करतात तेव्हा ओरखडा भरला जात नाही, आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या पातळीला आणतात, म्हणजे दर वेळी एक-दोन मायक्रॉन कमी. त्यामुळे एकदा नीट करून घ्या, पण प्रत्येक सर्व्हिसिंगला फुकट मिळतंय म्हणून रबिंग-पॉलिश मारून घेऊ नका. फुकटच्या पॉलिशने गाड्या उघड्या झालेल्या बघितल्यात मी.

आता धुणं. पाईपला बंदी आहे ना, मग तुमच्यासाठी रिन्सलेस वॉश. हा शॅम्पूसारखा फेस करत नाही, पाण्यात थोडं घातलं की ते पाणी मातीच्या कणाला गुळगुळीत वेष्टण घातल्यासारखं धरून ठेवतं, आणि नंतर गाडी पाण्याने धुवायची गरज नाही. ओएनआर (ऑप्टिमम नो रिन्स) नावाचं जुनं आणि माहितीतलं, त्याचं प्रमाण साडेसात लिटर पाण्याला ३० मिली. आता आपल्याकडच्या कंपन्यांचीही मिळतात, बाटलीवर प्रमाण वाचा आणि तेवढंच घाला, जास्त घातलं तर चिकट राहतं. अर्ध्या बादलीत पाच-सहा मायक्रोफायबर कापड भिजवून ठेवायची. तेच पाणी एका स्प्रे बाटलीत भरून आधी गाडीवर मारायचं, तीन-चार मिनिटं भिजू द्यायचं (हे सोडू नका, ९० टक्के खेळ इथेच आहे), मग एक कापड चार घड्या करून हलक्या हाताने सरळ रेषेत ओढायचं. गोल गोल नाही. एक बाजू मळली की घडी पलटायची, सगळ्या बाजू मळल्या की ते कापड बाजूला आणि नवीन घ्यायचं. मळलेलं कापड परत बादलीत बुडवायचं नाही, बुडवलं की झालंच पुन्हा बनियनचं. वरून खाली, आधी टप, मग काचा, बॉनेट, डिकी, दारं, सगळ्यात शेवटी दारांच्या खालचा भाग आणि बंपर. चाकांचं फडकं कायम वेगळं, ब्रेकची काळी पावडर रंगावर नेऊ नका. हे सगळं सावलीत आणि बॉनेट गार असताना, भर उन्हात पाणी पुसायच्या आधीच वाळतं.

चिखल असेल तेव्हा मात्र रिन्सलेस चालत नाही. तेव्हा सरळ वॉशिंग सेंटरला जाऊन फक्त पाणी मारून घ्या, बाकी घरी. तिथल्या पोराला सांगायचं भाऊ फक्त प्रेशरने पाणी मार, फडकं लावू नको. तो वेड्यासारखं बघेल, बघू दे. त्याचं ते फडकं सकाळपासून पंधरा गाड्यांवर फिरलेलं असतं आणि दोनदा जमिनीवर पडलेलं असतं.

भांड्याचा साबण, कपड्याची पावडर बंद. एका धुण्यात रंग उडतो असं नाही, पण वर लावलेलं वॅक्स निघून जातं आणि रबर कोरडं पडतं.

कोटिंगचं संध्याकाळी लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

खारा वारा

मायक्रॉन यांना +१. मी रत्नागिरीचा, आमच्याकडे ओरखड्यांचं दुःख नंतर, आधी गंज. अंडरबॉडीचं विचारलंत म्हणून लिहितो.

हल्लीच्या गाड्यांना कंपनीतूनच खाली बऱ्यापैकी कोटिंग असतं. पुण्यात राहून वर्षातून दोनदा कोकणात येणाऱ्याने लगेच ६ हजार घालवायची गरज मला तरी वाटत नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. आणि करून घेतलंतच तर उभे राहून करून घ्या. माझ्या भावाच्या गाडीला एका ठिकाणी खालून काळं फासून दिलं ते दारांच्या खालच्या कडेला असलेली पाणी निघायची भोकं बुजवून. दारात काचेच्या फटीतून पाणी जातंच, ते खालून निघालं नाही तर आतल्या आत साचतं. दोन पावसाळ्यांत दाराची खालची कड फुगली, खरवडली तर नखाने पत्रा निघाला.

तर ही भोकं बघून घ्या, बंद झाली तर प्लॅस्टिकची काडी फिरवायची, तार नको. वायपरच्या खाली काचेच्या पायथ्याला जाळी असते, तिथला पाला काढत जा. ते तुंबलं की पाणी आत पायाशी येतं आणि लोक म्हणतात नवीन गाडी गळते.

आणि हात जोडून विनंती, पुण्या-मुंबईचे पाहुणे किनाऱ्यावर वाळूत गाडी घालतात, फोटो काढतात, लाटेत चाकं बुडवतात. नका करू. गाडी रुतते तो तमाशा वेगळाच, पण ते खारं पाणी खाली कुठे कुठे जाऊन बसतं ते तुम्हाला घरी पोचल्यावर दिसत नाही, तीन वर्षांनी दिसतं. चुकून गेलीच तर त्याच दिवशी रॅम्पवर चढवून गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्या.

पहिलटकर

खूप खूप धन्यवाद. रिन्सलेस ऑर्डर करतोय. डीलरला फोन करून अंडरबॉडी नको सांगितलं तर म्हणतो सर गंज वॉरंटी जाईल. असं असतं का?

मायक्रॉन

गाडीसोबत वॉरंटीचं पुस्तक मिळालंय ते उघडून वाचा, त्यात काय लिहिलंय तेवढंच खरं. आणि त्याला म्हणावं हेच मला ईमेलवर लिहून पाठव. फोन बंद होतील बघा.

आता कोटिंग. आधी शब्द वेगळे करू कारण शोरूमवाले सगळ्याची खिचडी करतात.

वॅक्स म्हणजे मेणासारखं, हाताने लावायचं, आपल्या उन्हापावसात महिना-दीड महिना टिकतं. सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर, चार-पाच महिने. हे दोन्ही घरी लावता येतं. "टेफ्लॉन कोटिंग" म्हणून जे विकतात त्यात नाव मोठं आणि काम सीलंटचंच. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, ते वितळतं ३२७ डिग्रीला, तव्यावर बसवायला त्याला भट्टीचं तापमान लागतं. तुमच्या बॉनेटवर स्पंजने चोळून तव्यासारखा थर बसत नाही.

सिरॅमिक म्हणजे सिलिकावर आधारलेलं द्रव, ते क्लिअर कोटला घट्ट धरतं आणि नीट लावलं तर दोन-तीन वर्षं जातं. फायदा खरा आहे, पाणी थेंब होऊन पळतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण तो "९एच, हिऱ्यासारखं कडक" प्रकार ऐकू नका. ते ९एच पेन्सिलीचं माप आहे. शाळेत एचबी पेन्सिल वापरायचो ना, तीच पट्टी, वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली रंगावर ओढून बघतात कुठली ओरखडा काढते. वाळूचा कण पेन्सिलीपेक्षा खूप कडक असतो. म्हणजे सिरॅमिक करून बाबांचा बनियन चालू राहिला तर जाळी सिरॅमिकवर येईल, एवढाच फरक. दगड उडून टवका उडतो त्यालाही ते काही करत नाही.

त्याला उपाय पीपीएफ, म्हणजे पारदर्शक जाड फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन, क्लिअर कोटच्या तिप्पट-चौपट. चांगली टीपीयूची (रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकची) असते, बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. स्वस्तातली पीव्हीसीची असते ती पिवळी पडते आणि काढताना घाम काढते. पूर्ण गाडीला करायचं तर लाखाच्या आसपास जातं, मी म्हणेन नको. दारांच्या कडा, हँडलच्या मागची वाटी जिथे नखं लागतात, आणि डिकीत सामान चढवताना घासते ती बंपरची वरची पट्टी, एवढंच करा, थोडक्यात होतं.

तुमच्यासाठी क्रम असा की आधी धुण्याची सवय बदला. महिनाभर जाळी वाढली नाही हे बघा. मग एखाद्या चांगल्या डिटेलिंगवाल्याकडून एकदा हलकं पॉलिश आणि त्यावर सिरॅमिक, त्यात ते स्वस्तिकही बहुतेक जाईल. डीलरकडे का नको, तर तिथे बहुतेक वेळा धुऊन तासाभरात लावून देतात, खालचे ओरखडे तसेच, आणि कुठली बाटली होती विचारलं तर सांगत नाहीत. ज्याला करायला दीड-दोन दिवस लागतात तो बहुधा नीट करतोय.

आणखी एक, "नवीन रंग आहे, सहा महिने वॅक्स लावू नका, श्वास घेऊ द्या" असं कुणी ना कुणी सांगेलच. कारखान्यात रंग १४० डिग्रीच्या आसपास भाजून येतो, पहिल्या दिवशीच पक्का असतो. ते थांबायचं असतं गॅरेजमध्ये परत रंगवलेल्या भागाला, कारण तिथे एवढी भट्टी नसते.

ऊसवाला

माझा जुगाड सांगतो, हसू नका. आमच्याकडे फवारणीचा १६ लिटरचा बॅटरी पंप असतो ना पाठीवरचा, तसा एक नवीन आणला फक्त गाडीसाठी. त्याने गाडी आधी भिजवायची, शॅम्पूचं पाणी पण त्यातूनच मारायचं. लाल नोझल काढून पंख्यासारखं उडवणारं लावायचं. १६ लिटरमध्ये आख्खी गाडी होते, प्रेशर वॉशर लागत नाही, लाइट लागत नाही, आणि सोसायटीच्या नोटिशीत पाईप लिहिलंय, पंप लिहिलेलं नाही :D

फक्त नवीनच घ्या, कुणाचा वापरलेला मागून आणू नका. तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी मला विश्वास नाही, आमच्या इथे धुतलेल्या पंपाने एकाची दोन गुंठे भेंडी गेली होती.

हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी असते, काळ्या रानातला चिखल वाळला की सिमेंट होतो. तो खरवडायचा नाही, भिजवायचा, चहा पिऊन यायचं, परत भिजवायचा. डांबराचे ठिपके असतील तर थोडं खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवायचं, मऊ कापडाने उचलायचं आणि मग शॅम्पू.

पहिलटकर

ऊसवाला दादा, पंपाची आयडिया जबरी आहे, कमिटीच्या ग्रुपवर वाद घालायला मुद्दा मिळाला.

एक विचारायचं राहिलं, बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके पडलेत काचांवर आणि टपावर. शेजारचे म्हणाले आरओमधून बाहेर पडणारं पाणी साठवून त्याने धुवा, पाणीही वाचतं.

मायक्रॉन

नको नको! आरओचं फेकायचं पाणी म्हणजे बोअरचेच क्षार आणखी घट्ट होऊन आलेले. त्याने फरशी पुसा, संडासात टाका, गाडीला नाही. ते ठिपके म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, पाणी उडून जातं आणि ते मागे राहतात. खूप दिवस राहिले आणि वर ऊन तापलं की क्लिअर कोटमध्ये खड्डा करतात.

ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, सावलीत, कापड ओलं करून ठिपक्यावर मिनिटभर ठेवायचं, लगेच साध्या पाण्याने पुसून काढायचं, वाळू द्यायचं नाही. तिथलं वॅक्स जाईल, परत लावा.

पाण्याला उपाय म्हणजे घरातल्या एसीच्या नळीखाली बादली लावा. ते हवेतलं पाणी थंड होऊन गळतं, त्यात क्षार जवळपास नसतातच. मे महिन्यात रात्रीत कितीतरी साठतं. रिन्सलेस त्यात कालवा. माझी गाडी गेली दोन वर्षं एसीच्या पाण्यावर आहे, बायको म्हणते गाडीला मिनरल वॉटर.

नाशिकची माऊ

सगळे बाहेरूनच धुतायत, आत कोणी बसतं की नाही तुमच्या गाडीत? दोन मुलं आणि एक सासूबाई या अनुभवावर लिहिते.

सीटची प्लॅस्टिकं आजच काढ. आईंना सांग की आत घाम आणि दमट हवा अडकते, पावसाळ्यात त्याच्याखाली बुरशी येते, आणि पुढच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर ती त्या प्लॅस्टिकमधून नीट उघडणार नाही. कव्हर शिवून घेणार असशील तर हेच बघ, सीटच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅगचं लेबल आहे का, असेल तर तिथे उसवणारी शिवण असलेलीच कव्हरं घ्यायची, रस्त्यावरची घट्ट ताणून बसवतात ती नाही.

डॅशबोर्डला ते चमकणारं तेलकट पॉलिश लावू नकोस. दुपारी त्याची चमक समोरच्या काचेत दिसते, समोरचं दिसत नाही, आणि धूळ दुप्पट चिकटते. ओलसर मायक्रोफायबर पुरे. स्क्रीनला कोरडं मऊ कापड, कॉलिन-बिलिन नको. एसीच्या जाळ्यांना रंगकामाचा छोटा ब्रश. डॅशबोर्डवर गणपती बसवायचा तर मध्ये बसव, डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर नको, ती उघडली तर बाप्पा माणसाच्या तोंडावर येतील. तिथे चिकटवलेली परफ्युमची बाटली माझ्याकडे गळली होती, प्लॅस्टिकला कायमचा मऊ चिकट डाग पडलाय, तो झाकायलाच आता मी टिश्यूचा डबा ठेवते.

काही सांडलं तर घासायचं नाही, दाबून टिपायचं. ताम्हिणीत धाकट्याने दूध आणि वडापाव दोन्ही परत दिले होते, मागची सीट आणि फटीत. आधी टिपलं, मग थोड्या शॅम्पूच्या पाण्याने पुसलं, वाळल्यावर खायचा सोडा भरपूर पसरून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्युम केलं. वास दुसऱ्या फेरीत गेला, पहिल्या फेरीत गेला असं खोटं नाही सांगत.

पावसाळ्यात ओल्या छत्र्या डिकीत प्लॅस्टिकच्या टबात. फूटमॅट आठवड्याला उचलून खालचा कार्पेट हाताने दाबून बघायचा, ओला लागला तर मॅट बाहेर आणि खाली वर्तमानपत्र. ते पाच-सात डी का काय ते जाड मॅट घेणार असशील तर ॲक्सिलरेटर खाली पूर्ण दाबून बघ, कडेला अडकत नाही ना. आणि गाडीत खाऊ ठेवायचा नाही. लाडवाच्या एका डब्यामागे उंदीर आला तो एसीच्या फिल्टरमध्ये घर करून राहिला, फिल्टर बाहेर काढला तर त्यात माझ्याच टिश्यूची गादी.

बाबांचं वाचून मात्र कसंतरी झालं. पुसू नका म्हणू नकोस रे त्यांना.

जुनी खोड

माऊताईंशी सहमत, आणि यावर जरा गंभीरपणे लिहितो, कारण मी तुमच्या बाबांच्याच वयाचा आहे. निवृत्त माणसाला पहाटे उठून करायला काहीतरी लागतं. तीस वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, आता स्वतःच्या घरची आली, तिला हात लावू नका म्हटलं तर ते काही बोलणार नाहीत, पण खाली उतरायचे बंद होतील.

त्यांना मायक्रॉन वगैरे सांगू नका. त्यांना विचारा, डेपोत बस कशी धुवायचे? तिथे कोणी घाटातून आलेल्या चिखलाच्या बसवर कोरडं फडकं मारायचं का? आधी पाण्याचा मारा, मग ब्रश. त्यांना हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, फक्त एवढ्याशा गाडीला काय पाणी मारायचं म्हणून बनियन घेतला असणार. आणि रोजच्याला दुसरं काम आहेच की. चारी टायरमधली हवा, काचा आतून-बाहेरून, वायपरची पट्टी, बॉनेट उघडून कूलंटची पातळी, मॅट झटकणं. रंगाला हात आठवड्यातून एकदाच.

कबुतराची घाण मात्र आठवड्याची वाट बघू नका. ती आम्लट असते, उन्हात तासा-दोन तासांत रंगावर छाप सोडते, सिल्व्हरवरसुद्धा, हे मी स्वतःच्या टपावर बघून सांगतोय. ओला टिश्यू पाच मिनिटं वर ठेवायचा आणि उचलायचं, घासायचं नाही. आईंना सांगा पुढच्या दसऱ्याला स्वस्तिक काचेवर काढा, पूजा तीच. आणि हार बांधताना त्याची तार बॉनेटला टेकत नाही ना बघा, माझ्या गाडीवर झेंडूच्या हाराने काढलेली रेघ अजून आहे.

(हो, जाळी नाही मोजत म्हटलं होतं. रेघ एकच आहे, ती माहीत आहे.)

खारा वारा

वा खोडबुवा, पकडले गेलात.

कव्हरचं कोणी लिहिलं नाही म्हणून. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं की वाऱ्याने ते हलतं आणि तेच बनियनचं काम करतं. पावसात ओल्या गाडीवर तर नकोच, आत वाफ कोंडते. पत्र्याची शेड मिळत असेल तर भाडं देऊन घ्या, नाहीतर उघडीच बरी.

पहिलटकर

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, उशीर झाला.

प्लॅस्टिकं काढली. आई एक दिवस बोलली नाही, दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर बसून म्हणाली गार लागतंय, बरं आहे. डीलरला ईमेल करा म्हटलं तेव्हापासून फोन बंद. व्हिनेगरने काचांवरचे ठिपके गेले, टपावरचे निम्मे राहिलेत, ते पॉलिशच्या वेळी बघू. पंपावर कमिटीत चर्चा चालू आहे, सेक्रेटरींनी स्वतःच एक मागवलाय अशी बातमी आहे.

बाबांना जुनी खोड काकांनी सांगितलं तसंच विचारलं, डेपोत कसं धुवायचे म्हणून. पाऊण तास सांगत होते. पहाटे चार वाजता थंडीत रॅम्पवर पाणी मारणारी पोरं, पंढरपूरच्या यात्रेहून परत आलेल्या गाड्या, त्यातला चिखल, एकदा टपावर निघालेली कुणाची तरी एक चप्पल. मग स्वतःच म्हणाले, अरे मग हिला पण आधी भिजवायला पाहिजे. मी काहीच बोललो नाही, फक्त स्प्रे बाटली आणि कापडं पुढे केली. आता दर रविवारी तेच करतात, कापडांना मार्करने नंबर घातलेत, एक ते सहा, आणि सहा नंबर चाकांचा. मी परवा चुकून चार नंबरने आरसा पुसला तर ओरडले. एसीखालची बादली पण तेच भरतात. टॉर्च मारून बघितलं, जाळी आहे तेवढीच आहे, वाढली नाही.

आता बाबा विचारतायत, उरलेलं रिन्सलेसचं पाणी स्प्लेंडरला चालेल का? २००४ ची आहे, टाकीवरचा रंग अजून ओरिजिनल आहे.

मायक्रॉन

चालेल. टाकी आणि साइडचे पॅनल करा, चेन आणि ब्रेकच्या ड्रमपासून लांब ठेवा. आणि सहा नंबर वापरू नका म्हणावं.